ऑपरेशननंतरचा कापडी सूट: म्हाताऱ्या चिंगीला मानवला

आमची चिंगी अकरा वर्षांची लॅब्रडॉर. स्तनाच्या कॅन्सरची गाठ काढली, टाके छातीपासून पार मांडीपर्यंत. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात प्लास्टिकचा कोन घातला की दाराच्या चौकटीला धडकायची आणि मग जागची हलायचीच नाही, पाणीसुद्धा पिईना. शेवटी डॉक्टरांना विचारून हा रिकव्हरी सूट घेतला.

कापड सुती, ताणलं जाणारं. पोटाकडची शिवण बाहेरच्या बाजूने आहे, त्यामुळे टाक्यांना घासत नाही. ज्याला कुणाला हे सुचलं त्याचं मनापासून कौतुक! शेपटीकडची बटणं काढून कापड वर गुंडाळलं की शू-शीची अडचण नाही. घालताना मात्र हाल होतात. संधिवातामुळे तिला पाय उचलवत नाहीत, त्यामुळे बाहीत पाय घालायला दोघं लागतात. पाठीवर चेन असायला हवी होती. माप घेताना पाठीच्या लांबीबरोबर छातीचा घेरही मोजा, घट्ट सूट जखमेला काचतो.

चाटणं थांबलं, पण कापडावरून टाके कुरतडता येतातच. लक्ष ठेवायला कुणी नसेल तेव्हा कोन हवाच. रोज सूट उघडून लाली, सूज, स्राव बघायचा. दोन सूट घ्या, ओला अंगावर ठेवायचा नाही. टाके साधारण 10 ते 14 दिवसांनी निघतात, तोवर उड्या आणि जिने बंद.

बायोप्सीचा रिपोर्ट अजून यायचाय. काल सूट घालूनच तिने ताट चाटूनपुसून साफ केलं आणि शेपूट हलवत अजून मागितलं.