तापणारा की थंड: बॅटरीवर कोणता गॅस सेन्सर टिकेल?

एमक्यू-2 हा गॅस सेन्सर चालू असताना त्याच्या जाळीला बोट लावून बघा, चांगलीच गरम लागते. आतल्या गॅस ओळखणाऱ्या टिन ऑक्साइडला दोन-तीनशे अंशांवर ठेवण्यात हीटर साधारण 800 मिलिवॅट खातो. 2500 एमएएचचा एक 18650 सेल (टॉर्चमध्ये असतो तो लिथियम सेल) दहा-अकरा तासांत आडवा. म्हणून बॅटरीवरचं यंत्र करणारा माणूस ‘खोलीच्या तापमानाला चालणारा’ सेन्सर शोधू लागतो.

पण ही उष्णता हौसेची नाही. ऑक्साइडच्या कणांवर हवेतला ऑक्सिजन चिकटतो आणि इलेक्ट्रॉन अडवून धरतो. जळणारा गॅस आला की त्या ऑक्सिजनशी त्याची अभिक्रिया होते, इलेक्ट्रॉन सुटतात, रोध घटतो. थंडीत हे सगळं रेंगाळतं. गॅस ओळखायला मिनिटं लागतात, पूर्वपदावर यायला कधी तास. त्यात पृष्ठभागावर पाणी बसतं. पुण्यात मार्चमध्ये जुळवलेला थंड सेन्सर जुलैत रत्नागिरीला नेला, तर तो गॅस मोजतोय की पाऊस, हे सांगणं कठीण. (दमट हवा एमक्यूलाही छळते, पण इतकी नाही.)

यावर उपाय म्हणून, उष्णतेच्या जागी, झिंक ऑक्साइडवर अतिनील एलईडीचा प्रकाश टाकतात. नायट्रोजन डायऑक्साइडसाठी हे बरं चालतं. पण 20 मिलिअँपिअरवर सतत जळणारा एलईडीच 70 मिलिवॅटच्या आसपास घेतो! उलट सिलिकॉनवरची सूक्ष्म तापपट्टी असलेले सेन्सर तापूनही 15 मिलिवॅटमध्ये भागवतात. मघाचाच सेल त्यांना तीनेक आठवडे पुरतो, हीटर थांबून थांबून चालवला तर आणखी. सेन्सर थंड आहे म्हणून वीज कमी लागेल, असं नाही.

स्वयंपाकघरातल्या एलपीजीसाठी, भिंतीवर प्लग असेल तर एमक्यूच घ्या. स्वस्त आहे, फक्त पहिल्यांदा दिवसभर तापू द्या. थंड सेन्सरच्या नादी इथे लागू नका, प्रोपेन-ब्यूटेन कमी तापमानाला सहजी अभिक्रिया करत नाहीत. बॅटरी असेल तर तापपट्टीवाला.

गोबरगॅसमधल्या हायड्रोजन सल्फाइडसाठी मात्र कॉपर ऑक्साइड मिसळलेला टिन ऑक्साइड कमी तापमानालाही छान प्रतिसाद देतो, कारण कॉपर ऑक्साइडचं सल्फाइड होऊन रोध कोसळतो. ते सल्फाइड परत फिरवायला अधूनमधून चटका द्यावा लागतो, तेव्हा छोटा हीटर ठेवाच. पूर्ण थंड सेन्सर मी घेईन तो प्लास्टिकच्या फिल्मवर छापायचा असेल तेव्हा. तिथे तापवलं तर फिल्मच वितळेल.