एटोरिकॉक्सिब ६०: चार महिने घेतली, मग बंद केली

आधी कौतुक, कारण ते खरं आहे. दोन्ही गुडघ्यांची झीज. सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिली दहा पावलं भिंतीच्या आधाराने. डॉक्टरांनी एटोरिकॉक्सिब ही वेदनाशामक गोळी, ६० मिलिग्रॅम, रोज एक लिहून दिली. चौथ्या दिवशी जिना उतरून खाली आले तेव्हा लक्षात आलं, कठडा धरलाच नव्हता! डायक्लोफिनॅक या दुसऱ्या वेदनाशामकाने पोटात आग पडायची, तीही नाही. (म्हणून पोट निर्धास्त, असं नाही. अल्सर आणि रक्तस्राव हिच्यानेही होऊ शकतो.)

घोळ इथेच झाला. दुखणं थांबलं आणि मी गोळीचा विचार करणंच सोडलं. तिसऱ्या महिन्यात संध्याकाळी मोजे काढले की घोट्यावर खोल वळ दिसायचा. वजनही दीड किलो वाढलं. मी वयाला बोल लावला. शेवटी दात काढायला गेले, तिथे बीपी मोजलं तर १५८/९६. आयुष्यात कधी वरचा आकडा १३५च्या पुढे गेला नव्हता.

घरी येऊन औषधाचं माहितीपत्रक पहिल्यांदा नीट वाचलं. बीपी सतत १४०/९०च्या वर असेल तर ही गोळी घेऊ नये, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. चार महिने ते ड्रॉवरमध्ये घडी घालून पडलं होतं.

कारण साधं आहे. या गोळ्या कॉक्स-२ हे सूज आणणारं शरीरातलं एन्झाइम अडवतात, त्याने सूज उतरते. पण रक्तवाहिन्या सैल ठेवणारं आणि गुठळी रोखणारं प्रोस्टासायक्लिनही कमी होतं. गुठळीला मदत करणारं थ्रॉम्बोक्सेन मात्र चालूच राहतं. शिवाय मूत्रपिंडं मीठ-पाणी धरून ठेवतात. माझे मोजे तेच सांगत होते.

याच गटातली व्हायॉक्स (रोफेकॉक्सिब) हार्ट ॲटॅक आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळे सप्टेंबर २००४ मध्ये बाजारातून मागे घेतली गेली. अमेरिकेच्या एफडीएने २०१५ मध्ये तर सांगितलं की आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामकांचा हा धोका वापराच्या पहिल्या काही आठवड्यांतही वाढू शकतो. सगळ्या एका मापाच्या नाहीत, हेही खरं: रुग्णांवरच्या २०१६ च्या 'प्रिसिजन' चाचणीत याच गटातली सेलेकॉक्सिब मध्यम मात्रेत हृदयाच्या बाबतीत नेप्रोक्सेन आणि आयबुप्रोफेन या वेदनाशामकांपेक्षा वाईट ठरली नाही. पण तो निकाल सेलेकॉक्सिबचा, माझ्या गोळीचा नव्हे.

डॉक्टरांवर राग नाही, पण एक तक्रार आहे. गोळी लिहिताना 'दोन आठवड्यांनी बीपी दाखवून जा' एवढं एक वाक्य हवं होतं. मीही विचारलं नाही. ज्यांना आधीच बीपीची गोळी आणि लघवी वाढवणारी गोळी चालू आहे, त्यांनी तर क्रिएटिनिनचंही (मूत्रपिंडं कशी चालतात ते दाखवणारी रक्तचाचणी) विचारावं. त्या दोन्ही आणि ही वेदनाशामक, तिन्ही एकत्र आल्या की मूत्रपिंडांवर ताण येतो.

डॉक्टरांनीच माझी गोळी बंद केली. तीन आठवड्यांत बीपी १३४/८४, सूजही गेली. आता डायक्लोफिनॅकचं जेल लावते, ते रक्तात फार कमी उतरतं, आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम करते. गुडघा निम्मा बरा आहे. जिन्याचा कठडा पुन्हा धरावा लागतो.