प्लेटलेटचा दोष आणि दात काढायचाय: ट्रानेक्सॅमिक घ्यावं की डेस्मोप्रेसिन?

प्लेटलेटचा काउंट नॉर्मल पण त्या नीट काम करत नाहीत, असा सौम्य दोष असला की दात काढायच्या आधी रक्तस्राव आवरणाऱ्या औषधांची ही दोन नावं हमखास समोर येतात. मला स्टोरेज पूलचा दोष आहे (म्हणजे प्लेटलेटच्या आत साठवलेले, गुठळीला लागणारे पदार्थ कमी पडतात) आणि वेगवेगळ्या वेळी दोन्ही घेऊन झालीयेत, म्हणून लिहितोय.

डेस्मोप्रेसिन लवकर काम करतं यात वाद नाही. रक्तवाहिन्यांच्या अस्तरात साठलेलं व्हॉन विलेब्रांड फॅक्टर नावाचं प्रथिन ते बाहेर सोडतं, त्याने प्लेटलेट जखमेला जास्त चांगल्या चिकटतात, शिरेतून दिलं तर अर्ध्या-एक तासात परिणाम येतो. चेहरा लाल झाला, डोकं दुखलं, ते चालवून घेतलं. पण पाणी! हे मुळात लघवी कमी करणाऱ्या हार्मोनसारखं औषध, त्यामुळे पुढचे 24 तास पाणी बेतानेच प्यायचं, नाहीतर रक्तातलं सोडियम घसरून पार झटके येण्यापर्यंत जाऊ शकतं. दात काढलेला, जीभ कोरडी पडलेली, घशाशी रक्ताची चव, आणि बाटलीवर पेनने मारलेली रेघ, तिच्या खाली पाणी जाऊ द्यायचं नाही. रात्रभर डोक्यात तेच. शिवाय लागोपाठ डोस घेतले तर साठा रिकामा होतो आणि परिणाम कमी होत जातो, म्हणजे दोन-चार दिवसांनी परत रक्त आलं तर याचा भरवसा कमी.

ट्रानेक्सॅमिक प्लेटलेटला हात लावत नाही, बनलेली गुठळी विरघळू देत नाही, एवढंच. आणि तोंडात नेमकं हेच हवं असतं, कारण लाळेतच गुठळी विरघळवणारे घटक असतात. दिवसातून तीनदा गोळ्या, त्याही बरेच दिवस, कंटाळा येतो, मला मळमळही झाली, पण पोटभर पाणी पिता आलं आणि खपली टिकली. त्यामुळे निदान दातासाठी तरी मी परत हेच मागेन.

अर्थात सगळ्यांना हेच लागू असं नाही. लघवीतून रक्त जात असेल किंवा आधी कधी शिरेत गुठळी झाली असेल तर ट्रानेक्सॅमिकबद्दल हिमॅटॉलॉजिस्टशी (रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरांशी) आधी बोला. ग्लान्झमन (प्लेटलेट एकमेकींना चिकटतच नाहीत असा जन्मजात, गंभीर दोष) असेल तर डेस्मोप्रेसिनचा सहसा फारसा उपयोग होत नाही. मोठ्या ऑपरेशनला बरेचदा दोन्ही एकत्र देतात. आणि डेस्मोप्रेसिनच ठरलं तर आधी एकदा टेस्ट डोस घेऊन बघता येईल का ते नक्की विचारा, कारण सारखाच दोष असला तरी कोणाला लागू पडतं, कोणाला नाही.