फोटोवर मस्टँग घेताना: चकचकीत गाडी की डाग दिसणारी गाडी?

फोर्ड मस्टँग जीटी भारतात अधिकृतपणे आली जुलै २०१६ मध्ये. दिल्लीतली एक्स-शोरूम किंमत ६५ लाख, पाच लिटरचं व्ही-८ इंजिन, चारशेच्या आसपास अश्वशक्ती आणि कारखान्यातूनच उजवीकडे बसवलेलं स्टिअरिंग. पुढे सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डने भारतात गाड्या बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. आज पुण्यात किंवा नाशिकमध्ये बसून वापरलेली मस्टँग शोधणाऱ्याला जवळपास चार गाड्या फिरून बघण्याची चैन मिळत नाही. गाडी असते दिल्लीत, चंदीगडमध्ये, हैदराबादला नाहीतर कोचीला. समोर येतात पंधरा-वीस फोटो, एक व्हिडिओ आणि ‘दुसरा गिऱ्हाईक उद्या येतोय, टोकन टाका’ असा फोन. दिल्लीची गाडी बऱ्याचदा कमी भावात दिसते, कारण तिथे पेट्रोल गाडीच्या डोक्यावर बरीच वर्षं पंधरा वर्षांच्या मर्यादेची टांगती तलवार होती.

अशा शोधात शेवटी दोनच प्रकारच्या गाड्या हातात उरतात. पहिली आरशासारखी चमकते. सिरॅमिक कोटिंग (चकाकी देणारा लेप), वर पारदर्शक पीपीएफ (रंग वाचवणारी चिकट फिल्म), जाहिरातीत ‘एकही ओरखडा नाही’, भाव दोन-तीन लाखांनी जास्त. दुसरीच्या बॉनेटच्या टोकाला खडी उडून पडलेले टवके आहेत, एका अलॉय चाकाची कड फुटपाथला घासलेली आहे, दारावर पार्किंगमध्ये बसलेला बारीक पोचा आहे. विकणारा म्हणतो, ‘आहे तशी आहे, बघून घ्या.’

गाडी डोळ्यांनी न बघता घ्यायची असेल तर मी दुसरीकडे झुकतो. मात्र तिचा रंग कंपनीचा असला पाहिजे.

कारण असं की दुसरीचं नुकसान मोजता येतं. चार टवके, एक रिम, एक पोचा. कारागीर त्याचा आकडा सांगू शकतो. पहिलीचं नुकसान, असलंच तर, कुणीतरी पैसे खर्चून झाकलेलं आहे आणि ते किती खोल आहे हे गाडी घरी आल्यावरच कळतं. हजार-दोन हजार किलोमीटरवरून आलेल्या गाडीचं पितळ दोन-तीन धुण्यांनंतर उघडं पडतं. विकण्याआधी केलेल्या स्वस्त कटिंग-पॉलिशमधला भराव बारीक ओरखड्यांच्या फटीत बसतो, साबणाच्या पाण्याने निघून जातो आणि उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा पुन्हा दिसू लागतात. तेवढ्यावर निभावलं तर ठीक. खरा प्रश्न पुन्हा रंगवलेल्या पॅनलचा असतो.

मस्टँगचा रंग तपासणं वेगळं का

या पिढीच्या मस्टँगचं बॉनेट आणि पुढचे दोन्ही फेंडर (पुढच्या चाकांवरचे पत्रे) ॲल्युमिनियमचे आहेत. दारं, छप्पर आणि मागचे क्वार्टर पॅनल (मागच्या चाकांवरचे पत्रे) स्टीलचे. बंपर प्लास्टिकचे. एकाच गाडीवर तीन पदार्थ आहेत आणि बाजारात चालणाऱ्या तपासण्यांपैकी निम्म्या इथे फसतात.

कापडात गुंडाळलेलं चुंबक लावून बघणारे लोक अजून भेटतात. चिकटलं नाही म्हणजे खाली पुट्टी, म्हणजे पोचा बुजवायचा भराव, असा त्यांचा हिशेब. मस्टँगच्या बॉनेटला चुंबक कधीच चिकटणार नाही आणि त्या एका कारणावरून चांगली गाडी नाकारली जाऊ शकते. उलट बाजूही तितकीच वाईट आहे. फक्त लोखंडावर चालणारं रंगाची जाडी मोजायचं स्वस्त यंत्र नेलं, तर ते बॉनेटवर आणि फेंडरवर काहीच सांगत नाही, आणि समोरून ठोकलेल्या गाडीची खूण नेमकी तिथेच असते. यंत्र लोखंड आणि ॲल्युमिनियम दोन्हींवर चालणारं हवं. बंपरवर तेही चालत नाही, तिथे डोळेच लागतात.

आकडे साधारण असे वाचायचे. कारखान्याचा रंग सहसा ९० ते १५० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास असतो. २०० ते ३०० दिसले तर पॅनल पुन्हा रंगवलेलं असण्याची शक्यता मोठी. ५०० च्या वर आकडा गेला की खाली पुट्टी आहे असं धरून चालावं. पण एकट्या आकड्यापेक्षा शेजारच्या पॅनलशी तुलना जास्त बोलते. सगळी गाडी १२० दाखवते आणि डावं दार २६०, तर त्या दाराची कहाणी विचारायची. खूप कमी आकडाही चांगला नव्हे. ७०-७५ म्हणजे कुणीतरी इतकं पॉलिश केलंय की वरचा पारदर्शक थर झिजलाय. हा थर मुळात ४०-५० मायक्रॉनचाच असतो, आणि अशी गाडी पुढच्या पॉलिशला उभी राहणार नाही.

पुन्हा रंगवलेलं प्रत्येक पॅनल सारखं वाईट नसतं. इथे अनेक जण घाबरून चांगली गाडी सोडतात, म्हणून जरा थांबून सांगतो. बंपर रंगवलेला असणं या गाडीत नवल नाही. लांब नाक, खाली आलेली पुढची कड आणि आपले गतिरोधक, बंपर घासतोच. फेंडर आणि दार बोल्टवर बसतात, त्यांचं काम नीट झालं असेल तर भाव कमी करून घेता येतात. मागचा क्वार्टर पॅनल मात्र सांगाड्याला वेल्डिंगने जोडलेला असतो. तिथे, छपरावर किंवा छपराला धरणाऱ्या मागच्या खांबाजवळ आकडा चढला तर तो प्रश्न रंगापुरता राहत नाही. अशी गाडी न बघता घेऊ नका, भाव कितीही पाडला तरी.

ॲल्युमिनियमची आणखी एक तऱ्हा आहे. बॉनेटच्या पुढच्या कडेला रंगाखाली बारीक फोड येणं हा फोर्डच्या ॲल्युमिनियम बॉनेटांचा जुना, माहीत असलेला आजार आहे. स्टीलवर वापरलेलाच घासकागद आणि चकत्या ॲल्युमिनियमवर चालवल्या तर लोखंडाचे कण त्यात रुततात आणि फोड पुन्हा येतात. म्हणून ‘बॉनेट नुकतंच रंगवून घेतलंय, नवं कोरं’ हे वाक्य ऐकून मला आनंद होत नाही. काम कुठे झालं आणि बिल आहे का, हे विचारावं लागतं.

तिसरी गोष्ट रंगाच्या छटेची. पांढरा, काळा, लाल जुळवणं त्यातल्या त्यात सोपं. तीन थरांचा पिवळा असेल तर एका दारावरचा खोल ओरखडा दुरुस्त करताना छटा मिसळण्यासाठी शेजारच्या पॅनलवरही फवारा न्यावा लागतो. एका डागापायी तीन पॅनल कंपनीच्या रंगाला मुकतात. पिवळी मस्टँग न बघता घेणाऱ्याने दुप्पट चोखंदळ असावं.

फोटो, व्हिडिओ, माणूस, की स्वतः

फोटोंवर निर्णय घेणं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महाग. ओल्या गाडीचे, संध्याकाळच्या उतरत्या उजेडातले किंवा ढगाळ दिवशीचे फोटो ओरखडे गिळून टाकतात. मोबाइलवरून पाठवताना फोटो दाबला जातो आणि उरलेसुरले बारकावेही जातात. विकणारा प्रामाणिक असला तरी हे घडतं.

थेट व्हिडिओ कॉल त्यापेक्षा बराच बरा, पण कॅमेरा कुठे न्यायचा हे तुम्ही सांगायचं. गाडी कोरडी, दुपारचं ऊन किंवा डोक्यावर ट्यूबलाइट. ट्यूबचं प्रतिबिंब पॅनलवरून हळूहळू सरकवायला सांगा. रेघ सरळ वाहत गेली तर पत्रा सरळ, कुठे लहरली किंवा संत्र्याच्या सालीसारखी खरखरीत झाली तर तिथे थांबा. बॉनेट उघडून फेंडरच्या बोल्टांची डोकी दाखवायला लावा, त्यांवरचा रंग तुटलेला असेल तर पाना लागलेला आहे. काचांच्या रबरी पट्ट्यांवर रंगाचे शिंतोडे, दाराच्या आतल्या कडेला चिकटपट्टीची रेघ, एका काचेवरची वर्षाची खूण बाकीच्यांपेक्षा वेगळी, हे सगळं कॅमेऱ्यात दिसतं. आणि जमिनीला मोबाइल टेकवून बंपरची खालची बाजू. ती जाहिरातीत कधीच नसते.

पीपीएफ लावलेल्या गाडीत मात्र कॅमेरा हरतो. फिल्म चांगली असते हे खरं, टवक्यांपासून वाचवते. पण ती नवी असेल आणि गाडी जुनी, तर आधी काय होतं आणि त्यावर काय चढवलं हा प्रश्न उरतो. कच्च्या रंगकामावर चिकटवलेली फिल्म उद्या काढायला गेलात तर रंगाचे पापुद्रे घेऊन निघू शकते. फिल्म लावण्याआधीचे फोटो मागा. पूर्ण रंगीत रॅप, म्हणजे रंगीत फिल्म गुंडाळलेली गाडी तर न बघता घ्यायच्या यादीतून मी सरळ काढून टाकेन.

त्या शहरातला त्रयस्थ तपासनीस हा माझ्या मते या व्यवहारातला सगळ्यात सार्थकी लागणारा खर्च आहे. अट एकच: तो तुम्ही नेमलेला असावा, विकणाऱ्याने किंवा दलालाने सुचवलेला नसावा. ‘गाडी उत्तम आहे’ असा शेरा नको. प्रत्येक पॅनलवर यंत्र टेकवलेला, आकडा दिसणारा फोटो हवा.

स्वतः जाणं सर्वांत चांगलं हे सांगायला नकोच. तिकीट आणि एक मुक्काम, गाडीच्या किमतीपुढे काहीच नाही. पण रंगकामाची नजर नसलेला माणूस स्वतः गेला तर आवाज ऐकूनच विरघळतो. व्ही-८ सुरू झाल्यावर फेंडरचे बोल्ट बघायचं भान फार थोड्यांना राहतं. मनावर ताबा नसेल तर तपासनीस पाठवा आणि आपण घरी राहा. हे मी मनापासून सांगतोय.

कागद काय सांगतात

जुन्या विमा पॉलिसीवरचा नो क्लेम बोनस बघा. क्लेम न केलेल्या वर्षांगणिक तो २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के होतो. एकच मालक, सहा-सात वर्षं जुनी गाडी आणि बोनस शून्य, तर मध्ये क्लेम झालाय किंवा पॉलिसी खंडित झाली होती. बोनस मालकाचा असतो, गाडीचा नव्हे. त्यामुळे नुकताच मालक बदलला असेल तर शून्यावरून काही सिद्ध होत नाही. नुसती काच बदलल्याचा क्लेमही बोनस घालवू शकतो. पण विचारायला जागा मिळते.

परराज्यातली गाडी असेल तर ना हरकत प्रमाणपत्र, बारा महिन्यांहून जास्त ठेवायची असल्यास इथली नव्याने नोंदणी, आणि मस्टँगसारख्या आयात गाडीला लागणारा महाराष्ट्राचा कर हे किमतीत मिळवूनच दोन गाड्यांचे भाव शेजारी मांडा. दिल्लीची स्वस्ताई अनेकदा इथेच विरते.

आणि टोकन देण्याआधी लिहून घ्या. ‘कुठलंही पॅनल पुन्हा रंगवलेलं नाही’ किंवा ‘डावं दार आणि मागचा बंपर रंगवलेला आहे’, असं स्पष्ट, मेसेजवर का होईना. १९३० च्या माल विक्री कायद्यानुसार वर्णनावर विकलेला माल वर्णनाशी जुळला पाहिजे. तोंडी ‘एकदम मस्त कंडिशन’ हे वर्णन नव्हे, ते कौतुक आहे. विकणारा व्यावसायिक डीलर असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. खासगी मालकाविरुद्ध ती वाट सहसा मिळत नाही. उघड डाग असलेली खासगी गाडी आणि चकचकीत डीलरची गाडी यांची तुलना करताना हा मुद्दा डीलरच्या पारड्यात पडतो, आणि तो मान्य करायला हवा.

गाडी दारात आली आणि डाग दिसला तर

बिल्टीवर (वाहतूकदाराच्या पावतीवर) सही करण्याआधी गाडीभोवती एक न तोडलेला व्हिडिओ घ्या. कॅरिअरवर चढवताना लांब नाक रॅम्पला घासतं, आणि नुकसान तिथलं की आधीचं हा वाद निघालाच तर चढवतानाचा आणि उतरवतानाचा व्हिडिओ एवढंच हातात असतं. रात्री गाडी आली तर सकाळपर्यंत थांबवून घ्या, किंवा ‘रंगाची तपासणी उजेडात बाकी’ असं बिल्टीवर लिहूनच सही करा.

लपवलेलं नुकसान सापडलं तर तीन वाटा आहेत. गाडी परत करणं कागदावर बरोबर वाटतं, पण वाहतुकीचा दोन्हीकडचा खर्च आणि अडकलेले पैसे बघता ते वेल्डिंगच्या पॅनलसाठी राखून ठेवावं. रंगवलेलं दार किंवा बंपर निघालं तर यंत्राचे फोटो आणि लेखी वर्णन शेजारी ठेवून रक्कम परत मागा. निम्मी जरी मिळाली तरी घ्या. तिसरी वाट दुरुस्तीची, आणि इथे हात आखडता ठेवा. दारावरच्या पोच्याला रंग फुटलेला नसेल तर रंग न लावता पोचा काढणारा कारागीर गाठा. ॲल्युमिनियमच्या बॉनेटवर हे काम अवघड जातं, त्याचा अनुभव आहे का ते आधी विचारा. टवके ब्रशने टचअप करून सोडून द्या. कंपनीचा रंग शाबूत असलेल्या बॉनेटला चार टवक्यांसाठी रंगाच्या बूथमध्ये पाठवू नका, नाहीतर पुढच्या गिऱ्हाइकाच्या यंत्रावर तुमचीच गाडी २६० दाखवेल.