ज्वालामुखी आणि समुद्राचा ऑनलाइन कोर्स: तिसऱ्या आठवड्यासाठी घ्या, बाकीचं बघू

चार आठवड्यांचा रेकॉर्डेड कोर्स कालच संपवला. माझ्याकडून ५ पैकी साडेतीन स्टार, आणि त्यातले दोन तर एकट्या तिसऱ्या आठवड्याचे.

पहिला आठवडा अगदीच ओळखीचा वाटला. १९९१ ला फिलिपिन्समधला पिनाटुबो ज्वालामुखी फुटला, दीडेक कोटी टन सल्फर डायऑक्साइड वर स्ट्रॅटोस्फिअरमध्ये (ढगांच्याही वरच्या हवेच्या थरात) गेला, त्याचे सल्फेटचे बारीक कण झाले, त्यांनी ऊन परत पाठवलं आणि जगाचं सरासरी तापमान साधारण अर्धा डिग्री उतरलं, मग दोन-तीन वर्षांत कण खाली बसले, विषय संपला. मी तर कंटाळून १.५ स्पीडवर टाकलेलं. पण दुसऱ्या आठवड्यात कळतं की विषय फक्त हवेपुरता संपला होता. समुद्राने एकदा तो गारवा पोटात घेतला की तो हळूहळू खाली मुरत जातो आणि लवकर काही बाहेर येत नाही, हवामानाच्या कॉम्प्युटर मॉडेल्समध्ये १८८३ च्या क्राकाटोआ ज्वालामुखीचा (इंडोनेशिया) परिणाम खोल पाण्यात कित्येक दशकं टिकलेला दिसतो. पिनाटुबोनंतर पाणी गार होऊन आकसलं आणि समुद्राची पातळी चक्क ५ मिलिमीटरच्या आसपास खाली आली, हे मला खरंच माहीत नव्हतं.

आता तिसरा आठवडा. उत्तर अटलांटिकचं वरचं पाणी काही दशकं उबदार, मग काही दशकं गार, असा एक हेलकावा सांगतात, एएमओ म्हणजे अटलांटिक मल्टिडिकेडल ऑसिलेशन. मला कायम वाटायचं की हे समुद्राचं स्वतःचं घड्याळ आहे, आत कुठेतरी लंबक हलतोय. तर ज्या हवामान शास्त्रज्ञ मायकल मॅन यांनी हे नाव रूढ केलं त्यांच्याच टीमने २०२१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात पेपर लिहून सांगितलं की लंबक नाहीच बहुतेक! गेल्या हजार वर्षांची मॉडेल्स ज्वालामुखी धरून चालवली तर ५० ते ७० वर्षांचा ठोका दिसतो, बाहेरचं काहीच न घालता चालवली तर दिसत नाही. म्हणजे मोठे उद्रेकच योगायोगाने तशा अंतराने झाले आणि आपण त्याला चक्र समजलो. स्वतःच बारसं केलेल्या पोराचं नाव स्वतःच खोडायचं, याला जिगर लागते राव. हा लेक्चर मी दोनदा बघितला.

पण इथेच माझी पहिली तक्रार. हे सगळ्यांना मान्य नाहीये, अटलांटिकमधला खोल प्रवाह स्वतःहूनही असा हेलकावा देऊ शकतो असं मानणारे बरेच आहेत आणि त्यांना कोर्समध्ये जेमतेम पाच मिनिटं दिलीत.

चौथा आठवडा एल निनोचा (प्रशांत महासागराचं विषुववृत्ताजवळचं पाणी अधूनमधून तापतं, ते) आणि तो सरळ फसलाय. १९६३ आगुंग, १९८२ एल चिचोन, १९९१ पिनाटुबो, या तिन्ही उद्रेकांच्या आसपास एल निनो आला, आणि स्लाइडवर उद्रेकाकडून एल निनोकडे मोठा लाल बाण!! अहो पण पिनाटुबो फुटला तेव्हा तो एल निनो आधीच आकाराला येत होता, मग बाण कसला काढता. तीन उदाहरणांत योगायोग वेगळा काढणार तरी कसा? ध्रुवांकडच्या जुन्या बर्फात खोल भोक पाडून काढलेल्या गाभ्यातल्या सल्फेटवरून जुने उद्रेक शोधतात, इंडोनेशियातला १२५७ चा सामालास वगैरे, ते इथे घेतलं असतं तर उदाहरणं तरी वाढली असती.

प्रशांत महासागरात पाण्याखाली फुटलेल्या हुंगा टोंगा ज्वालामुखीचा (२०२२) छोटा व्हिडिओ मात्र झकास. स्फोट प्रचंड पण सल्फर कमी, उलट १५ कोटी टनांच्या आसपास पाण्याची वाफ वर गेली, त्यामुळे पिनाटुबोसारखा गारवा आलाच नाही.

क्विझ भंगार, नुसत्या सनावळ्या विचारतात. सबटायटल्स ऑटोमॅटिक आहेत, ‘सल्फेट’चं दरवेळी काहीतरी भलतंच होतं. ग्राफ डाउनलोड करता येतात, ते मात्र आवडलं, तिसऱ्या आठवड्याचे सगळे मी काढून ठेवलेत.