मार्सियानोचं शून्य, रॉबिन्सनचे १९ पराभव: वेगवेगळ्या काळांतले बॉक्सर तोलायचे कसे?

सर्वांत मोठा बॉक्सर कोण, हा वाद सुरू झाला की कुणीतरी लगेच शून्य पुढे करतो. रॉकी मार्सियानो ४९-०, म्हणजे ४९ विजय आणि एकही पराभव नाही. फ्लॉइड मेवेदर ५०-०. समोर मुहम्मद अली, ५ वेळा हरलेला. शुगर रे रॉबिन्सन तर १९ वेळा. आकडे खरे आहेत, पण तुम्हाला खरंच कौल द्यायचा असेल तर ते सगळ्यांत शेवटी बघा. आधी हे तपासा: आपल्या काळातल्या तगड्या माणसांशी तो लढला का, ते भरात असताना लढला का, आणि हरल्यावर त्याने काय केलं.

त्याच्याही आधी एक नियम लक्षात घ्यायला हवा, कारण त्याने अर्धे विक्रम उलटेपालटे होतात. पूर्वी जागतिक किताबाची लढत १५ फेऱ्यांची असे. १९८२ मध्ये रे मॅन्सिनीशी लढताना दक्षिण कोरियाच्या किम ड्यूक-कूला जीवघेणी दुखापत झाली, आणि त्यानंतर काही वर्षांत किताब देणाऱ्या सगळ्या संघटना १२ फेऱ्यांवर आल्या. आता जुन्या लढती या मापाने पुन्हा बघा. १९५२ मध्ये मार्सियानो जर्सी जो वॉलकॉटविरुद्ध तिन्ही परीक्षकांच्या गुणांत मागे होता. १३व्या फेरीत एका उजव्या ठोशाने त्याने वॉलकॉटला झोपवलं. आजच्या नियमाने ते शून्य त्याच रात्री गेलं असतं. १९४१ मध्ये जो लुईसुद्धा बिली कॉनकडून गुणांवर हरत होता, तोही १३व्या फेरीतल्या नॉकआउटमुळे वाचला. रॉबिन्सनचं नेमकं उलटं. १९५२ च्या जूनमध्ये यँकी स्टेडियमवरच्या भयंकर उष्म्यात तो जोई मॅक्झिमच्या लाइट हेवीवेट किताबासाठी उतरला. उन्हाळा असा की लढत चालू असताना पंच बदलावा लागला. रॉबिन्सन गुणांत स्पष्ट पुढे होता, पण १४व्या फेरीला स्टुलावरून उठू शकला नाही. १२ फेऱ्या असत्या तर तिसऱ्या वजनगटाचा किताब त्याच्या नावावर असता. शून्यावर फार भिस्त ठेवू नये ती यासाठी.

जो लुई की अली?

हेवीवेटमध्ये खरी निवड या दोघांतच आहे, असं माझं मत. लुईने १९३७ मध्ये जिम ब्रॅडॉककडून किताब घेतला आणि १९४९ मध्ये निवृत्त होईपर्यंत सोडला नाही. सलग २५ वेळा राखला. यातले काही आव्हानवीर इतके किरकोळ होते की वार्ताहर ‘या महिन्याचा भिडू’ अशा अर्थाची टिंगल करत. तेवढं वजा करा. उरतं ते मात्र जबरदस्त आहे. १९३६ मध्ये माक्स श्मेलिंगने त्याला नॉकआउट केलं, कारण जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) मारल्यावर लुईचा डावा हात खाली यायचा आणि श्मेलिंगने ते हेरलं होतं. दोन वर्षांनी, नाझी जर्मनी आणि अमेरिका असं रूप आलेल्या लढतीत, लुईने त्याला १२४ सेकंदांत संपवलं. कॉन आणि वॉलकॉट, ज्यांनी त्याला घाम फोडला होता, त्या दोघांनाही त्याने पुन्हा संधी दिली आणि दोघांनाही नॉकआउट केलं. अडचणीत आणणाऱ्याला टाळण्याची सोय विजेत्याकडे नेहमीच असते. लुईने ती वापरली नाही.

अलीची बाजू मांडायची तर प्रतिस्पर्ध्यांची यादीच पुरे. लिस्टन, पॅटरसन, फ्रेझर तीनदा, नॉर्टन तीनदा, फोरमन, लाइल, शेव्हर्स. हेवीवेटमध्ये दुसऱ्या कुणाची यादी इतकी जड नाही. आणि ही मुख्यतः दुसऱ्या डावातली यादी आहे. व्हिएतनाम युद्धासाठी लष्करात भरती व्हायला नकार दिल्यामुळे १९६७ ते १९७० अशी जवळपास साडेतीन वर्षं त्याला रिंगबाहेर काढावी लागली, तीही पंचविशी-अठ्ठाविशीची. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली, पण परतलेल्या अलीचे पाय पूर्वीचे राहिले नव्हते. म्हणून तो मार खाऊन जिंकायला शिकला. १९७४ मध्ये किन्शासात दोरांना रेलून फोरमनला दमवणं ही त्याची शक्कल जगभर गाजली. तिची किंमत त्याने पुढे शरीराने चुकवली.

चाहते एक गोष्ट सोयीने विसरतात. १९७६ मध्ये जिमी यंग आणि नॉर्टनविरुद्धचे दोन्ही निकाल अलीच्या बाजूने लागले, आणि दोन्हींवर आजही वाद आहे. १९८० मध्ये लॅरी होम्सने त्याची जी दशा केली, ती लढत व्हायलाच नको होती.

माझा कौल: राज्य कुणी केलं असं विचाराल तर लुई. जिंकायला अवघड माणसांना कुणी जिंकलं असं विचाराल तर अली. मला दुसरा प्रश्न मोठा वाटतो. रिंगबाहेरच्या वारशाचं म्हणाल, तर अलीचं पारडं जड आहे हे मान्य. पण श्मेलिंगच्या त्या रात्रीचं ओझं हलकं समजू नका. युद्धकाळात लढतींचं मानधन लष्कर-नौदलाच्या मदतनिधीला देणारा लुई पुढे करथकबाकीत पिचला, हेही त्याच हिशेबात धरा.

टायसन? १९८६ मध्ये विसाव्या वर्षी हेवीवेट विजेता, आजवरचा सर्वांत तरुण. दोन-तीन वर्षं त्याच्यासारखं धडकी भरवणारं काही नव्हतं. पण डग्लस, होलीफिल्ड, लेनॉक्स लुईस यांपैकी एकाही पराभवाची परतफेड त्याने केली नाही. दबदबा मोठा, वारसा त्यामानाने लहान.

रॉबिन्सन की मेवेदर?

इथे मला फारसा विचार करावा लागत नाही, तरी मेवेदरवर अन्याय नको. बचावात त्याच्याइतका चतुर माणूस क्वचितच झाला: खांदा पुढे करून ठोसा घसरवायचा आणि त्याच क्षणी उजवा हात टाकायचा. पाच वजनगटांत किताब. २००६ मध्ये प्रवर्तकाशी, म्हणजे लढती भरवणाऱ्याशी, असलेला करार पैसे मोजून संपवला आणि स्वतःचा मालक झाला. बॉक्सरने कमाई कशी हातात ठेवावी, याचा धडा त्याच्याकडूनच घ्यावा. पण फिलिपिन्सच्या मॅनी पॅकियाओशी लढतीची बोलणी २००९ च्या सुमारास सुरू झाली आणि लढत झाली २०१५ मध्ये, दोघंही उतरणीला लागल्यावर. पन्नासावा विजय तर मिश्र मार्शल आर्टमधल्या कॉनर मॅकग्रेगरवरचा, ज्याची ती पहिलीच व्यावसायिक बॉक्सिंग लढत होती.

रॉबिन्सनचा फेब्रुवारी १९४३ बघा. ५ तारखेला जेक लामोटाने त्याला पहिल्यांदा हरवलं. १९ तारखेला तो जॅकी विल्सनशी लढून जिंकला. २६ तारखेला पुन्हा लामोटा, आणि या वेळी विजय रॉबिन्सनचा. एकूण सहा लढतींत लामोटाला मिळाला तो तेवढा एकच विजय. त्या पराभवानंतर १९५१ मध्ये लंडनला रँडी टर्पिनने हरवेपर्यंत रॉबिन्सन अजिंक्य होता, आणि टर्पिनचाही हिशेब त्याने दोन महिन्यांत चुकता केला. वेल्टरवेटचा विजेता, त्याहून जड मिडलवेटचा पाच वेळा. १९ पराभवांतले बरेचसे पस्तिशी-चाळिशीतले, पैशांसाठी लढत राहिल्यावरचे.

सध्याच्या ओलेक्सांद्र उसिकला या रांगेत उभं करावं का? क्रूझरवेट (हेवीवेटच्या खालचा गट) आणि हेवीवेट, दोन्हींत तो निर्विवाद विजेता ठरला. इंग्लंडच्या टायसन फ्युरीला २०२४ मध्ये दोनदा हरवलं. चार संघटनांचे चार पट्टे वेगवेगळ्या कमरांना असण्याच्या काळात हे एका माणसाने गोळा करणं फार कठीण. मी त्याला माइक टायसनच्या वर ठेवतो.

स्वतः बघून ठरवायचं असेल तर लुई-श्मेलिंग १९३८ आणि अली-क्लीव्हलँड विल्यम्स १९६६ लागोपाठ बघा. दुसरी अलीच्या बंदीआधीची, पाय शाबूत असतानाची. रॉबिन्सनसाठी १९५१ ची लामोटाशी सहावी लढत. फक्त एक ध्यानात ठेवा: वेल्टरवेटच्या ऐन भरातल्या रॉबिन्सनचं चित्रीकरण अगदी थोडं उरलं आहे. पडद्यावर दिसतो तो बहुतेक वेळा तिशीतला, जड वजनात लढणारा रॉबिन्सन, आणि तरीही मी पहिला क्रमांक त्यालाच देतो.