मुलाचा ताबा: कोर्टात भांडायचं की मध्यस्थीत बसायचं?

मूल आईजवळ कोल्हापुरात आणि वडील नोकरीला पुण्यात असले, तरी ताब्याचा अर्ज कोल्हापुरातच करावा लागतो. पालक व पाल्य अधिनियम, १८९० नुसार मूल नेहमी जिथे राहतं, तिथलं कोर्ट. कौटुंबिक न्यायालय अधिनियम, १९८४ चं कलम ९ समेटाचा प्रयत्न करणं कोर्टाचं कर्तव्य मानतं. त्यामुळे मध्यस्थी मागितली म्हणजे आपली बाजू पडती, असं समजू नका.

लढायचं ठरवलं तर लेखी म्हणणं, शपथपत्रं, उलटतपासणी आणि तारखा. प्रत्येक शपथपत्रात समोरच्याला नालायक ठरवायचं आणि पुढे त्याच माणसाशी शाळा, आजारपण, परीक्षा यांवर बोलायचं, हे फार अवघड जातं. पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे राहतं. तरी शेवटी मुलाचं हित पाहिलं जातं, आईबापाचा हक्क नव्हे. निकाल पटला नाही तर अपील करता येतं, आणि ऑगस्ट २०२५ पासून त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे मुख्य ठिकाणाबाहेर बसणारं न्यायपीठ, कोल्हापुरातच आहे.

मध्यस्थ निकाल देत नाही. दोघांना एकत्र, मग वेगवेगळं बसवून तो अडलेला मुद्दा शोधतो. बायकांना आणि मुलांना उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. मध्यस्थीतलं बोलणं गोपनीय असतं, पण मुलाशी बोलून समुपदेशकाने दिलेला अहवाल ताब्याच्या प्रकरणात कोर्ट पाहू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटलं आहे. म्हणून मुलाला पढवून नेऊ नका.

मध्यस्थी फसते ती बहुधा संमतीच्या अटी ढिसाळ लिहिल्यामुळे. ‘वडिलांना मुलाला भेटू द्यावं’ या वाक्याने काहीच ठरत नाही. दुसरा आणि चौथा शनिवार, सकाळी १० ते रविवारी संध्याकाळी ६. मूल कुठून घ्यायचं, कुठे सोडायचं, बस चुकली तर किती वाजेपर्यंत थांबायचं, हे लिहा. दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टी कशी वाटायची, गणपतीत मूल कुणाकडे, फोन किती वाजता, फी कुणी भरायची, पासपोर्ट कुणाकडे, घर बदललं तर किती दिवस आधी कळवायचं, हेही. नुसतं स्टॅम्पपेपरवर लिहून नोटरी केलेलं कोर्टाच्या आदेशासारखं बजावता येत नाही. अटी कोर्टात दाखल करून त्यांवर आदेश घ्या. मग कुणी मोडल्या तर दरखास्त, म्हणजे आदेश अमलात आणण्यासाठीचा अर्ज, टाकता येते.

संमतीच्या आदेशावर अपील नसतं, हे सहीपूर्वी नीट समजून घ्या. मात्र मूल मोठं झालं, शाळा बदलली, तर ताब्याच्या आदेशात बदल मागता येतो.

मारहाण, धमक्या किंवा मूल लपवल्याचा संशय असेल तर आधी मध्यस्थीला जाऊ नका. भीतीपोटी दिलेल्या संमतीवर आमचा अजिबात विश्वास नाही. तिथे कोर्टाचा अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतचा, आदेश आधी हवा. घरगुती हिंसाचार कायद्याच्या कलम २१ खाली तात्पुरता ताबाही मागता येतो.

हिंसा नसलेल्या प्रकरणातही मध्यस्थीच्या पहिल्या बैठकीआधी अंतरिम भेटीचा अर्ज टाका. बोलणी महिनोन्‌महिने लांबली आणि मूल एकाचकडे राहिलं, तर पुढे कोर्टही ती घडी मोडायला कचरतं. बोलणी फिसकटली तर प्रकरण न्यायाधीशांपुढे परत येतं आणि तिथून पुढे चालतं.